गाडीतला पिवळा दिवा

आमच्या गाडीच्या छताला एक दिवा होता. काडेपेटीएवढं पांढरं झाकण आणि आत बोटाच्या पेराएवढा बल्ब. दार उघडलं की लागायचा आणि दार लावलं की थोडा रेंगाळून विझायचा. उजेड म्हणाल तर नावालाच, पिवळा आणि मळका. त्याच्याखाली माणसाचं नाक दिसायचं, डोळे दिसायचे नाहीत. गाडी जुनी, मुलाने दुसऱ्याची वापरलेली घेतलेली. त्या दिव्याकडे कोणी लक्ष द्यावं असं काही नव्हतं. मी लक्ष द्यायला लागले ते नवऱ्यामुळे.

माझ्या नवऱ्याचं डोकं काही वर्षांपासून रिकामं होत चाललं आहे. वेड नाही. डॉक्टरांनी त्याला एक नाव सांगितलं, पण नाव कळून करायचं काय? आधी ते विहिरीवरची मोटर बंद करायला विसरायला लागले, मग केळीच्या बागेचा रस्ता विसरले, मग मुलाला स्वतःचा धाकटा भाऊ समजायला लागले. मला ओळखत होते की नाही ते सांगता येत नाही. माझं नाव त्यांनी उभ्या जन्मात कधी घेतलं नव्हतं, त्यामुळे ते विसरले असले तरी मला कळायला मार्ग नव्हता. माझ्या हातची भाकरी खात होते, मी हात धरला की चालत होते. मी तेवढ्यावर धरून चालले होते की ओळखतात.

आम्ही चोपड्याजवळच्या खेड्यात राहतो. डॉक्टर धुळ्याला. जवळ डॉक्टर नाहीत असं नाही, पण मुलगी धुळ्याला दिली आहे आणि तिच्या ओळखीच्या या डॉक्टरच्या औषधाने त्यांची रात्रीची ओरड थांबली, म्हणून तोच धरला. महिन्यातून एकदा त्यांना नेऊन दाखवावं लागायचं. बघितल्याशिवाय तो औषध कमी-जास्त करत नसे, आणि ते केलं नाही की ओरड पुन्हा सुरू. ती ओरड ज्यांनी ऐकली नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

जाताना अडचण नसायची. दुपारी आमच्याच अंगणातून निघायचं, सून पाण्याची बाटली देणार, शेजारचे आबा ओट्यावरून हात करणार. हे शेतात निघाल्यासारखे गाडीत बसायचे. अडचण यायची परतताना. डॉक्टर दुपारनंतर बसायचे आणि नंबर लागून बाहेर पडेपर्यंत दिवस मावळलेला असायचा. अनोळखी गाव, गाड्यांचे हॉर्न, वर अंधार पडायला लागलेला. हे दवाखान्याचं फाटक धरून उभे राहायचे ते सोडायचेच नाहीत.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मुलगा पिशव्या ठेवायला गाडीकडे गेला. त्याने मागचं दार उघडलं आणि आतला दिवा लागला. हे फाटक धरून बघत होते. त्यांनी फाटक सोडलं. गाडीपाशी गेले, भर रस्त्यात चपला काढल्या, दिव्याकडे बघून हात जोडले, वाकून आत शिरले आणि बसले.

मुलगा तोंड उघडं टाकून बघत राहिला. मला मात्र लगेच कळलं. माझ्या सासूची शिस्त होती ती. संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला की दारात कोणी उभं राहायचं नाही. जो बाहेर असेल त्याने चपला काढून आत यायचं, हात जोडायचे आणि बसायचं. लक्ष्मी यायच्या वेळेला वाट अडवायची नाही. सासू जाऊन किती वर्षं झाली. तिचा चेहरा ते विसरले होते, ती मेली हेही विसरले होते, पण ही गोष्ट त्यांच्या हातापायात राहून गेली होती.

मग आम्ही तीच युक्ती धरली. अंधार पडायला लागला की गाडी फाटकासमोर आणायची, दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. ओढायचं नाही, समजावायचं नाही. ते स्वतःच्या पायाने येऊन बसायचे. रस्त्यावरच्या चपला उचलायचं काम माझं. एकदा एक चप्पल धुळ्यालाच राहिली. मुलगा म्हणाला, "नाना गाडीच्या बल्बच्या पाया पडतात, कोणाला सांगू नको, माय. उद्या गाडीसमोर नारळ फोडायला रांग लागेल."

मी म्हणाले, "रांग लागू दे. निदान डिझेलचा खर्च निघेल."

आता पुढचं. अमळनेर मागे पडलं की त्यांच्या गोळ्यांची वेळ व्हायची आणि त्या मळक्या उजेडात कोणती पट्टी कुठली ते मला दिसायचं नाही. एकदा झोपेच्या गोळीऐवजी पोट साफ होण्याची दिली गेली. पुढचं सांगत नाही. मुलाला गाडीचं सीट धुवावं लागलं. त्यावर मी मुलाला म्हणाले की हा दिवा आहे की दिव्याची आठवण. म्हणाले तर म्हणाले. दिसत नव्हतं म्हणून म्हणाले.

दसऱ्याला आमच्याकडे गाड्या धुतात, हार घालतात. मुलगा आदल्या दिवशी गाडी घेऊन जळगावला गेला आणि संध्याकाळी हसतच आला.

"माय, इकडे ये. डोळे मिट."

"मिटून पडले तर उचलशील का?"

"बरं, नको मिटू. बघ."

त्याने दार उघडलं. गाडीच्या आत लख्ख पांढरं झालं. सीटवरचे केळीच्या चिकाचे डाग दिसले, कोपऱ्यातली शेंगांची टरफलं दिसली, माझ्या हातावरची एकेक शीर दिसली. छतात एक, पुढच्या सीटवर एक, पायाशी एक, मागे डिकीत एक, असे सगळीकडे त्याने एलईडी बसवून घेतले होते.

"आता पट्टी दिसेल ना?"

"पट्टी काय, तिच्यातली गोळीसुद्धा आतून दिसेल," मी म्हणाले. खूश झाले होते, खोटं कशाला बोलू?

शेजारचे आबा काठी टेकत आले, आत डोकावले आणि म्हणाले, "अरे, याच्यात तर माणसाचं ऑपरेशन होईल!"

"आबा, तुमचंच करू पहिलं. बसा आत," मुलगा म्हणाला.

"माझ्यात काढण्यासारखं काही राहिलं नाही, बाबा."

सगळे हसले. मी मुलाला विचारलं की जुना बल्ब कुठे आहे. तो म्हणाला, त्याचं काय करायचंय, दुकानातच टाकला. नवऱ्याचं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही असं नाही. मुलगा म्हणाला, "नानांना तर आता लांबूनच दिसेल." मलाही तसंच वाटलं. थोड्या उजेडाला हात जोडणारा माणूस जास्त उजेडाला जास्त जोडेल असा आमचा हिशेब.

दसऱ्यानंतर धुळ्याला गेलो. डॉक्टरने तपासलं, एक गोळी अर्धी केली. बाहेर आलो तर दिवस मावळलेला. मुलाने गाडी फाटकासमोर आणली आणि ऐटीत दार उघडलं.

हे एक पाऊल पुढे टाकून थांबले. डोळ्यांवर हात धरला.

"हाऊ दवाखाना शे," म्हणाले.

"दवाखाना मागे राहिला, नाना. ही आपली गाडी."

"माले सुई नही टोचनी."

"कोणी सुई टोचत नाही. बसा."

"नही." आणि फाटक धरलं.

मुलाने दिवे बंद केले. मग आत काळोख झाला. काळोख्या गाडीत पाय घालायला ते तयार नव्हते, आणि त्यात काही वेडेपणा नव्हता. धड डोक्याचा माणूसही अंधारात आधी हात फिरवून बघतो. मुलाने मोबाईलचा उजेड दाखवला, तोही पांढराच. मुलगी घरून धावत आली, ती दवाखान्यामागच्या गल्लीतच राहते. तिने गोड बोलून बघितलं. मी आधी आत बसून बघितलं. त्या उजेडात मी सीटवर बसले होते आणि ते माझ्याकडे बघत होते ते जसं काही आत कोणी पेशंट बसलं आहे.

लोक जमायला वेळ लागत नाही. समोरचा चहावाला ओरडला, "बाबा, बसा ना, गाडी फुकट आहे!" एक बाई दुसरीला म्हणाली, "सुना बघत नाहीत, मग म्हातारी माणसं अशी करतात." मी तिला म्हणाले, "सून घरी भाकरी थापते आहे, तू येतेस का धरायला?" ती गेली. मुलाने शेवटी त्यांना काखेत धरून उचलायला बघितलं. त्यांनी मुलाच्या तोंडावर फटका मारला. मुलाचा ओठ फुटला. ज्या मुलावर त्यांनी कधी हात उचलला नव्हता त्याला त्यांनी मारलं, आणि मुलाने ओठ पुसून मला विचारलं, "आता?"

आतून नर्स आली. म्हणाली, "आजी, एक इंजेक्शन देते. झोपतील, उचलून ठेवा गाडीत. किती जणांना असंच नेतात."

मी नाही म्हणाले. आधी एकदा डोक्याचा फोटो काढायला म्हणून त्यांना असं इंजेक्शन दिलं होतं. ते पोत्यासारखे पडले, आणि उठले तेव्हा पूर्वी जेवढे होते तेवढे परत आले नाहीत. त्याआधी स्वतः अंघोळ करायचे, त्यानंतर केली नाही. डॉक्टर म्हणतो की त्याचा याच्याशी संबंध नाही. असेल. मी डॉक्टर नाही. पण माणूस चालत येतो आणि गाठोड्यासारखा जातो, हे मला करायचं नव्हतं. त्यांनी आपल्या पायांनी गाडीत बसावं आणि आपल्या पायांनी घरात उतरावं, एवढंच मला हवं होतं.

त्या रात्री मुलीकडे राहिलो. मुलीचं घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, वर मालक. हे रात्रभर दार शोधत राहिले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लघवी केली. ओरडले. मालक वरून उतरला आणि दारात उभा राहून नुसता बघत राहिला, बोलला नाही. बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. सकाळी उजाडल्यावर ते गुपचूप गाडीत बसले.

मुलगी निघताना म्हणाली, "माय, पुढच्या वेळी सुई देऊ दे. नाहीतर आणूच नका."

"आणलं नाही तर रात्री तू येशील आमच्याकडे ऐकायला?"

"मग मी काय करू? मालक खोली सोडायला सांगेल."

तिचं काही चुकत नव्हतं. 

घरी आल्यावर आमचे प्रयोग सुरू झाले. गणपतीच्या आराशीतला पिवळा जिलेटीन कागद उरला होता. मुलाने झाकण काढून तो आत चिकटवला. उजेड पिवळा झाला, पण कावीळ झालेल्या माणसासारखा. संध्याकाळी अंगणात गाडी उभी करून दार उघडलं. हे ओट्यावरून उठून आले, बघितलं, "हाई काय शे?" म्हणाले आणि परत जाऊन बसले. कागद दुहेरी केला. मग काही दिसेचना. जळगावहून पिवळ्या रंगाचा म्हणून एलईडी आणला. तो पिवळा होता खरा, पण दार उघडताच डोळ्यांत बोट घातल्यासारखा यायचा. जुना दिवा असा नव्हता. तो वात धरल्यासारखा हळू लागायचा आणि हळू जायचा. दार उघडलं की हे दचकून मागे व्हायचे.

रोज संध्याकाळी हा खेळ. मी त्यांच्या पायांकडे बघत उभी राहायची, चपला काढतात का म्हणून. नाही काढायचे. आबा ओट्यावरून विचारायचे, "काय, आज देव पावला का?" मी म्हणायची, "तुमचा आवाज ऐकून पळाला."

दिवाळी आली. पहिल्या पणत्या मी ओट्यावर मांडल्या, तेल घातलं, वाती लावल्या. हे अंगणात कोंबड्यांकडे बघत उभे होते. वळले. चपला काढल्या, हात जोडले, ओट्यावर चढले आणि भिंतीला टेकून बसले.

मी हातातली काडी टाकून मुलाला हाक मारली. त्याने बघितलं. तो नुसता ओठावर हात फिरवत राहिला. म्हणजे गेलं नव्हतं. त्यांच्यात होतं ते तसंच होतं, गाडीतला दिवा तेवढा गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी मुलाच्या मागे लागले की जुना बल्बच आण. तो म्हणाला मिळत नाही. मी म्हणाले दुकानदाराला फोन लाव. त्याने लावला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

"आजी, आता सगळं जग पांढऱ्याकडे चाललंय, तुम्ही पिवळं काय मागता?" दुकानदार म्हणाला.

"जग जाऊ दे. तुझ्याकडे आहे का ते सांग."

"नाही."

"मग फोन ठेव."

शेवटी कोणी तरी सांगितलं की नशिराबादला हायवेवर भंगाराचं मोठं दुकान आहे, मोडलेल्या गाड्या असतात. मुलाबरोबर मीही गेले. मुलगा एकटा गेला असता तर पहिल्या नाहीला परत आला असता. तिथे गाड्यांवर गाड्या चढवून ठेवल्या होत्या. दुकानाचे चाचा माझ्याच वयाचे होते, खुर्चीवर बसून पाय चोळत होते.

"अक्का, एवढ्याशा बल्बसाठी चोपड्याहून आलात?"

"हो."

"लोक तर बल्ब गेला की गाडीच विकतात. तुम्ही गाडी ठेवून बल्ब शोधताय."

"आहे का ते बघा ना, चाचा."

त्यांनी माणसाला हाक मारली आणि आमच्यासारखीच एक गाडी दाखवली. तिचं पुढचं अंग राहिलं नव्हतं. मागचं दार मात्र धड होतं. त्या माणसाने आत शिरून छतातलं झाकण काढलं आणि बल्ब आणला. बॅटरीच्या दोन वायरी लावून बघितला. त्याच्या तळहातावर तो पिवळा झाला. ती गाडी कोणाची, आतल्यांचं काय झालं, हे मी विचारलं नाही. बल्ब रुमालात बांधला आणि घरी आणला.

मुलाने छतातला एलईडी काढून तो बसवला. पुढचे आणि पायाशीचे पांढरे दिवेही काढून टाकले. संध्याकाळी अंगणात दार उघडलं. तोच मळका उजेड, हळू आलेला. हे ओट्यावरून उठले, दिव्याकडे बघत राहिले. मग एक चप्पल काढली. मग दुसरी. हात जोडले. वाकून आत शिरले आणि बसले.

मुलगा म्हणाला, "एकदा परत करून बघू."

मी नको म्हणाले. चाललं आहे, तर हात लावू नये.

धुळ्याचा दिवस आला. दवाखान्यात गर्दी होती. मुलगीही घरून येऊन थांबली होती. हे बाकावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते, मध्येच माझ्या हातातली पिशवी ओढत होते. डॉक्टरने विचारलं, झोप कशी आहे, खाणं कसं आहे. मी सांगितलं. त्यांनी यांना विचारलं, "ह्या कोण?" म्हणजे मी. हे हसले. डॉक्टरने कागदावर काही लिहिलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही, माझं लक्ष खिडकीबाहेर किती अंधार झाला याच्यावर होतं.

बाहेर आलो तर फाटकासमोर नवा खांब उभा होता. वर मोठा पांढरा दिवा. आधी नव्हता, त्या महिन्यातच लावलेला. खालची जमीन मीठ पसरल्यासारखी पांढरी दिसत होती. मुलाने गाडी आणली, दार उघडलं. गाडीतला दिवा लागला की नाही हेसुद्धा कळत नव्हतं. हे फाटक धरून उभे.

"माय, मागच्या गल्लीत लावतो," मुलगा म्हणाला. "तिथे अंधार आहे."

तो गाडी मागे घेऊन गेला. मी आणि मुलगी एकेक हात धरून यांना चालवत निघालो. थकले होते. दर दोन घरांनी थांबत होते. मुलगी म्हणाली, "नाना, थोडंच राहिलं." मी काही बोलत नव्हते. मला भीती होती की मी काही बोलले तर काही तरी बिघडेल. गल्लीत निंबाचं झाड आहे, त्याच्याखाली मुलाने गाडी उभी केली होती. आसपास खरंच अंधार होता. आम्ही जवळ गेलो तसं त्याने दार उघडलं आणि बाजूला झाला.

दिवा लागला. हळू लागला, जसा लागायला हवा तसा. सीटवर पिवळं पडलं. मी आणि मुलीने हात सोडले.

यांनी बघितलं. नीट बघितलं. चेहरा निवळला. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. पाय चपलांमध्येच राहिले.

मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, तुमना घरमा दिवा लागना. तुम्ही आत जा."

"तुम्ही चला ना. दोघं जाऊ," मी म्हणाले.

"नही. दिवा लागना, आते लोकेसना घर नही बसनं. माले मना घर जानं शे."

आणि त्यांनी हात जोडले. दिव्याला नाही, मला. पाहुण्या माणसाने निघताना घरातल्या बाईला करावा तसा नमस्कार केला आणि गल्लीच्या तोंडाकडे चालायला लागले.

त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. दिवे लागल्यावर दुसऱ्याच्या घरी बसून राहायचं नाही, आपल्या घरी जायचं, हीही माझ्या सासूचीच शिस्त. दिवा त्यांना बरोबर कळला होता. घर कोणाचं ते कळलं नव्हतं. घर कोणाचं ते दिव्यावरून नाही, दिवा लावणाऱ्या बाईवरून कळतं, आणि ती बाई त्यांच्या समोर उभी होती.

मुलीने पळत जाऊन त्यांना अडवलं. ते तिच्याशीही अदबीने बोलत होते, ताई म्हणत होते, चोपड्याची मोटार कुठे लागते ते विचारत होते. त्यांना फटका मारायचाही नव्हता या वेळी. मुलगा दार धरून उभा होता आणि त्याने दार सोडलं नव्हतं, म्हणून दिवा चालूच होता.

"माय?" तो म्हणाला.

"नर्सला बोलाव," मी म्हणाले.

ती आली. त्यांना निंबाच्या पारावर बसवलं, बाही वर केली. त्यांनी तिला विचारलं, "कोन गावना तुम्ही?" तिने गाव सांगितलं. ते हो हो म्हणाले आणि तेवढ्यात तिने सुई टोचली. मग थोड्या वेळाने मान एका बाजूला गेली. मुलाने आणि हाकेला आलेल्या चहावाल्याने मिळून उचललं. मी आधी आत बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. चपला पायांतच होत्या. त्या मी काढल्या आणि खाली ठेवल्या. मुलाने दार लावलं. दिवा थोडा रेंगाळला आणि गेला.

अमळनेर मागे पडलं. मग मुलगा म्हणाला, "मी तो दिवा बदललाच नसता तर हा महिना गेला नसता."

"गप्प बस. गाडी चालव."

तो महिना गेला नसता तर ते बसले असते का, मला माहीत नाही. डॉक्टरलाही विचारलं नाही. तो काही तरी सांगेल, आणि मग ते मला लक्षात ठेवावं लागेल.

घरी त्यांना खाटेवर उचलून नेलं. उठायला वेळ लागला. उठले ते आम्ही धरल्यावरच. आता घास भरवावा लागतो. धुळ्याला न्यायचं बंद झालं. मुलगी दर महिन्याला डॉक्टरला मोबाईलवर मुलाने पाठवलेलं यांचं चित्र दाखवते आणि औषध लिहून घेते. रात्री कधी ओरडतात, कधी नाही. संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावते तेव्हा ते खाटेवरून बघतात. मी हात जोडून घेते आणि कामाला लागते. ते जोडतात का, ते बघत बसत नाही.

मध्ये एकदा औषध आणायला मुलाबरोबर चोपड्याला गेले. निघताना अंधार पडला होता आणि पिशवीतून सुटे पैसे सीटखाली सांडले. मुलगा त्या मळक्या उजेडात खाली वाकून चाचपडत होता.

"माय," खालूनच म्हणाला, "पांढरा बसवू का परत? घरात पडलाय तो."

"बसव," मी म्हणाले.

त्याने दुसऱ्याच दिवशी बसवला. पुढच्या वेळी मी त्या उजेडात गोळ्यांची पट्टी काढून बघितली. त्यांच्या गोळीचं नाव, तारीख, मागची बारीक अक्षरं, सगळं वाचता आलं.